एकाच रुग्णात चार चिवट जंतू: औषध कशाला द्यायचं आणि कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. न्यूमोनियामुळे बरेच दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. आता घरी आणलंय, पण गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी आणि खाली लघवीची नळी आहे. ताप नाही, ऑक्सिजन लागत नाही, तोंडाने जेवतात. फाइलमध्ये तीन कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) रिपोर्ट आहेत. गळ्याच्या नळीतल्या स्रावात ॲसिनेटोबॅक्टर, लघवीत क्लेब्सिएला आणि गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये क्लेब्सिएला व ई. कोलाय. चारही जंतूंपुढे ‘एमडीआर’, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणारा, असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू करा. दुसरे म्हणतात, काहीही करू नका. घरात तीन वर्षांचं मूल आहे, त्याचीही काळजी वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे. आज अँटिबायोटिक द्यायचं नाही. मात्र नळ्यांची निगा, हातांची स्वच्छता आणि उद्या ताप आलाच तर पहिल्या तासाभरात काय करायचं याची तयारी, ही कामं आजपासूनच करायची आहेत.

कल्चर रिपोर्ट एवढंच सांगतो की अमुक जागी अमुक जंतू वाढला. तो तिथे नुसता राहतोय की आजार करतोय, हे रिपोर्टवरून कळत नाही. ते रुग्णाला बघून ठरवावं लागतं. नुसता राहत असेल तर रुग्ण त्या जंतूचा ‘वाहक’. आयसीयूत तीन-चार आठवडे काढलेला, मेरोपेनेमसारखी जड औषधं घेतलेला, अंगात नळ्या असलेला माणूस एकापेक्षा जास्त चिवट जंतूंचा वाहक होणं आपल्याकडे नेहमीचं आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या रुग्णालय-जाळ्यातल्या नोंदींत ॲसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी जवळजवळ नऊ नमुन्यांवर कार्बापेनेम गटाची (मेरोपेनेम त्यातलंच) औषधं चालत नाहीत. तेव्हा हा जंतू बाबांच्या नळीत सापडला म्हणून ‘आमचंच काही चुकलं का’ असं मनाला लावून घेऊ नका.

आता एकेक जागा बघू.

लघवीची नळी घातल्यावर दर दिवसामागे साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. म्हणून नळी असलेल्या आणि काही त्रास नसलेल्या माणसाच्या लघवीचं कल्चर मुळात पाठवूच नये. ‘एक लाखाच्या वर कॉलनी’ (प्लेटवर उगवलेले जंतूंचे पुंजके) किंवा ‘पस सेल भरपूर’ (पुवातल्या पेशी) हे वाचून घाबरू नका, नळी असताना दोन्ही गोष्टी संसर्गाशिवायही दिसतात. लघवी गढूळ आहे, तिला वास येतोय, एवढ्यावरही संसर्ग ठरत नाही. ताप, हुडहुडी, कमरेत किंवा ओटीपोटात दुखणं, तापासोबत अचानक आलेली भ्रमिष्ट अवस्था, रक्तदाब घसरणं, यांतलं काही असेल आणि तापाचं दुसरं कारण सापडत नसेल, तरच तो लघवीचा संसर्ग धरायचा. त्रास नसताना लघवीतल्या जंतूंवर औषध देण्याला जागा आहे ती मुख्यतः दोनच ठिकाणी: गरोदरपणात, आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हा त्याआधी.

गळ्याच्या नळीचंही तसंच. ट्रॅकिऑस्टॉमीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर काही दिवसांतच बसतो. संसर्ग म्हणायला छातीच्या एक्स-रेवर नवी सावली हवी, आणि तिच्या जोडीला ताप, बेडका वाढणं किंवा त्याचा रंग बदलणं, ऑक्सिजनची गरज वाढणं यांतलं काही तरी हवं. रिपोर्टमध्ये ग्रॅम स्टेनची (रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या नमुन्याची) ओळ असते, ती जरूर वाचा. छोट्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात २५ पेक्षा जास्त पस सेल आणि १० पेक्षा कमी एपिथेलियल सेल (तोंड-घशाच्या अस्तरातल्या पेशी) असतील तर नमुना खोलून आलेला. एपिथेलियल सेलच जास्त असतील तर ती निव्वळ लाळ, तिच्यात वाढलेल्या जंतूला फारसा अर्थ नाही.

गुदद्वाराचा स्वॅब संसर्ग शोधण्यासाठी घेतच नाहीत. आतड्यात कोणते जंतू वस्तीला आहेत हे कळावं, म्हणजे त्या रुग्णाला वॉर्डात वेगळं ठेवता येईल, एवढ्यासाठी तो असतो. त्या रिपोर्टवर औषध सुरू करणं ही सरळ चूक आहे.

मग हे जंतू नक्की किती? कागदावर चार नोंदी आहेत (क्लेब्सिएला दोनदा), पण त्यामागची गोष्ट बहुधा दोनच आहे. क्लेब्सिएला आणि ई. कोलाय या वेगळ्या जाती. तरी त्यांच्यातला प्रतिकार पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवरून आलेला असतो. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ. एक जिवाणू ते शेजाऱ्याला देऊ शकतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. आतड्यात हे दोघे खेटून राहतात, त्यामुळे एनडीएमचं (कार्बापेनेम औषधं तोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक एकाकडून दुसऱ्याकडे तिथल्या तिथे जातं. हे एनडीएम पहिल्यांदा ओळखलं गेलं ते २००८ मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या क्लेब्सिएलात, आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलात मुख्यतः एनडीएम आणि ओएक्सए-४८ सारखी जनुकं सापडतात, कित्येकदा एकाच जिवाणूत दोन्ही. लघवीतला क्लेब्सिएला बहुतेक वेळा आतड्यातलाच, नळीच्या बाहेरून चढत वर गेलेला. ॲसिनेटोबॅक्टरची वाट निराळी. तो कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि व्हेंटिलेटरची बटणं, पलंगाचे कठडे, कर्मचाऱ्यांचे हात यांवरून येतो.

उलटही होतं. रिपोर्टवर एकच क्लेब्सिएला दिसतो आणि प्रत्यक्षात दोन वाण असतात. प्रयोगशाळेत काय होतं ते जरा जवळून बघा. लघवीचा १ मायक्रोलिटर मावेल एवढ्या वळ्याने प्लेटवर रेघा ओढतात. दुसऱ्या दिवशी १०० कॉलनी उगवल्या तर मिलिलिटरला एक लाख असा हिशेब. मॅकॉन्की प्लेटवर क्लेब्सिएलाच्या कॉलनी गुलाबी, फुगीर, चिकट दिसतात, ई. कोलायच्या गुलाबीच पण चपट्या आणि कोरड्या, तर ॲसिनेटोबॅक्टरच्या फिक्या. तंत्रज्ञ दिसायला वेगळ्या प्रत्येक प्रकारातून कॉलनी उचलतो, तिचा ठरावीक गढूळपणाचा द्राव करतो आणि औषधांच्या चाचणीला लावतो. एकाच जातीचे दोन वाण दिसायला मात्र सारखेच असतात. एकाला कोलिस्टिन चालतं, दुसऱ्याला नाही, आणि उचललेली कॉलनी नेमकी पहिल्याची निघाली तर दुसरा रिपोर्टवर येतच नाही. घाईत दोन प्रकारच्या कॉलनी एकत्र उचलल्या गेल्या तर भलतंच होतं: दोघांचा प्रतिकार बेरजेने एकाच नावावर लागतो आणि कुणालाच काही चालत नाही असा रिपोर्ट येतो. हे पकडण्यासाठी चाचणीला लावलेल्या द्रावाचा एक थेंब वेगळ्या प्लेटवर लावून दुसऱ्या दिवशी शुद्धता तपासतात. सगळ्या औषधांपुढे ‘आर’ (म्हणजे चालत नाही) आलेला रिपोर्ट हातात पडला तर डॉक्टरांनी लॅबला फोन करून एवढंच विचारावं: शुद्धतेची प्लेट पाहिली का, आणि कॉलनी एकाच प्रकारच्या होत्या का? दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून उपचाराची दिशा बदलू शकते.

आता कोलिस्टिनचं. बाबांना ते आज का नको, त्याची कारणं ठोस आहेत. हे औषध मूत्रपिंडाला इजा करतं, आणि ६८ वर्षांच्या मधुमेही माणसात तो धोका आणखी मोठा. मारायला समोर आजार नाही, त्यामुळे बदल्यात मिळणार काहीच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, आतड्यातल्या क्लेब्सिएलात कोलिस्टिनला दाद न देणारे मोजके जिवाणू असू शकतात. एमजीआर-बी नावाचं एक जनुक बिघडलं की क्लेब्सिएलाला ही ताकद येते. औषध सुरू झालं की बाकीचे दबतात आणि नेमके हेच वाढतात. मग खरोखर गरज पडेल त्या दिवशी हे औषध हातातून गेलेलं असतं. कोलिस्टिन देऊन आतडं ‘साफ’ करून घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०१९ मध्ये अशा जंतूंसाठी नेहमीच्या वापरात ही पद्धत नको असंच सांगितलंय, आणि ते योग्य आहे: पुरावा तोकडा, प्रतिकार वाढण्याची भीती मोठी.

रिपोर्ट वाचताना नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरही ठरावीक ठिकाणी फसतात. औषधापुढचा एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा लहान म्हणजे औषध चांगलं, असं नसतं. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. कोलिस्टिनपुढे ‘आय’ (मधला वर्ग) दिसलं तर तो छापखान्याचा घोळ नाही. अमेरिकी मानकांनी २०२० पासून कोलिस्टिनला ‘एस’ (म्हणजे चालतं) हा वर्गच ठेवलेला नाही, २ किंवा कमी म्हणजे ‘आय’, ४ किंवा जास्त म्हणजे ‘आर’. शिवाय कोलिस्टिनची चाचणी कागदी डिस्क लावून केलेली असेल तर ती धरूच नका, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (औषधाच्या कमी-जास्त प्रमाणाच्या द्रावात जंतू वाढवून बघण्याच्या पद्धतीने) केली का ते विचारा. टायजेसायक्लीनपुढे ‘एस’ असलं तरी लघवीत आणि रक्तात ते पुरेशा प्रमाणात पोचत नाही, म्हणून लघवीच्या किंवा रक्तातल्या संसर्गाला ते उपयोगाचं नाही. फॉस्फोमायसिनची पावडर ई. कोलायच्या मूत्राशयापुरत्या संसर्गाला चांगली, पण क्लेब्सिएलाकडे ते औषध निकामी करणारं जनुक बहुधा असतंच. कोलिस्टिनच्याच गटातलं पॉलिमिक्सिन-बी लघवीत उतरत नाही, लघवीच्या संसर्गात या दोघांतून निवडायची वेळ आली तर कोलिस्टिन निवडतात.

ताप आला तर क्रम असा ठेवा. पहिलं औषध जाण्याआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्ताचं कल्चर, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. रक्त कमी घेतलं की जंतू निसटतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक हीच. लघवीची नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी बदला आणि नमुना नव्या नळीतून घ्या. जुन्या नळीतल्या थरातले जंतू आजाराचे असतीलच असं नाही. पिशवीतली लघवी कधीही पाठवू नका. नळीवरचं नमुन्याचं तोंड स्पिरिटने पुसून, ते सुकू देऊन, सिरिंजने नमुना घ्यायचा. तो दोन तासांत लॅबला पोचला पाहिजे, नाही तर फ्रीजमध्ये ठेवायचा, कारण खोलीच्या तापमानाला जंतू वाढतात आणि आकडा फुगतो. रक्तदाब घसरला असेल तर कल्चर घेतल्याबरोबर, तासाभराच्या आत औषध गेलं पाहिजे. अशा वेळी बाबा कशाचे वाहक आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा, सुरुवातीचं औषध त्यावरून ठरतं. मात्र वाहक आहेत म्हणून ताप त्याच जंतूचा, असं गृहीत धरायचं नाही. बहुसंख्य वाहकांना त्या जंतूचा संसर्ग कधीच होत नाही. ४८ ते ७२ तासांत कल्चर आलं की औषध त्याप्रमाणे कमी करायचं किंवा थांबवायचं, हे सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

एनडीएम असलेल्या क्लेब्सिएलाचा गंभीर संसर्ग खरोखरच झाला, तर आज पहिली पसंती सेफ्टाझिडीम-ॲविबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम या जोडीला. ॲझ्ट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही, पण त्याच जिवाणूत असलेली इतर एन्झाइम तोडतात. ॲविबॅक्टम त्यांना अडवतं. मूत्रपिंड ठीक असेल तर पहिलं २.५ ग्रॅम आणि दुसरं २ ग्रॅम, दर ८ तासांनी. दोन्ही एकाच वेळी आणि सावकाश, साधारण तीन तास चालतील अशी लावायची. एक सकाळी आणि एक दुपारी दिलं तर जोडीचा उपयोगच उरत नाही, आणि वॉर्डात नेमकं हेच चुकतं. एकच शीर मोकळी असते आणि सिस्टर एकामागून एक लावतात. ई. कोलायच्या बाबतीत ही जोडीही बेभरवशाची. आपल्याकडच्या पुष्कळ एनडीएम ई. कोलायमध्ये ॲझ्ट्रिओनाम जिथे चिकटतं तो प्रथिनाचा भागच बदललेला असतो. म्हणून जोडीची एकत्रित चाचणी करून घ्यावी. कोणतं जनुक आहे हे सांगणाऱ्या पट्टीचा निकाल कॉलनी उगवल्यावर पाव तासात मिळतो, मोठ्या लॅबमध्ये तिची मागणी करा. औषधं महाग आहेत, ही चाचणी त्यामानाने फार स्वस्त पडते.

घरी काय करायचं, ते सांगतो. एकच गोष्ट निवडायची झाली तर लघवीची नळी काढता येईल का, हे दर भेटीत विचारा. आयसीयूत घातलेली नळी ‘सोयीची आहे’ म्हणून घरी राहून जाते. ती निघाली की संसर्गाचा सर्वांत मोठा दरवाजा बंद होतो. पुरुषांना कंडोम कॅथेटर किंवा डायपरवर भागतं का, ते पाहता येतं. आयसीयूत सुरू झालेली पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी अजून चालू असेल तर तिची गरज आहे का, तेही विचारा. पोटातलं आम्ल कमी झालं की असे जंतू आतड्यात टिकायला मदत होते.

नळी आहे तोवर पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. जोड उघडायचा नाही, खालच्या तोटीतूनच काढायचं. मोजायचं भांडं या कामापुरतं वेगळं ठेवा. लघवी संडासात ओता, वॉश बेसिनमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत अजिबात नको. हे जंतू सांडपाण्याच्या पाइपमधल्या बुळबुळीत थरात महिनोन्‌महिने राहतात आणि नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर वर येतात. मूत्राशय जंतुनाशकाने धुऊन घेण्याचा फायदा नाही, तोटा आहे.

गळ्याच्या सक्शनला दर वेळी नवी नळी, आत १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. ह्युमिडिफायरमधलं पाणी रोज पूर्ण बदलायचं, वरून भर घालायची नाही.

हात हेच जंतूंचं मुख्य वाहन. ब्युरोची मावशी असो की घरचं कुणी, बाबांना हात लावण्याआधी आणि नंतर, नळीला हात लावण्याआधी, डायपर बदलल्यावर आणि हातमोजे काढल्यावरही सॅनिटायझर लावायचा. तळहात भरून घ्या आणि २० ते ३० सेकंद, बोटांची टोकं व अंगठे धरून, सुकेपर्यंत चोळा. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. हातमोजे घालून तेच हात दाराच्या मुठीला आणि मोबाइलला लावणं, हा घराघरांत दिसणारा प्रकार आहे, त्याने मोज्यांचा सगळा उपयोग जातो.

संडास, कठडे, मुठी आधी साबणाने पुसा, मग हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलिलिटर त्याचं आणि ९८० मिलिलिटर पाणी म्हणजे ०.१ टक्के होतं. दहा मिनिटं राहू द्या. द्राव रोज ताजा करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कपडे नेहमीच्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, मळलेले वेगळे भिजवा. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही.

मुलाला आजोबांजवळ जाऊ द्या. मांडीवर बसणं, गप्पा, गोष्टी, सगळं चालेल. सक्शन चालू असताना आणि पिशवी रिकामी करताना तेवढं खोलीबाहेर ठेवा, खेळून झालं की हात धुवा. निरोगी मुलाच्या आतड्यात असा जंतू गेलाच तर तो सहसा काही न करता निघून जातो. घरच्या कुणाचीही तपासणी करायची नाही. घरात कुणी केमोथेरपीवर असेल, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर मात्र त्यांच्या डॉक्टरांना कळवा, आणि बाबांची शुश्रूषा त्या व्यक्तीने किंवा त्या बाळाला सांभाळणाऱ्याने करू नये.

हे जंतू जातात का? जातात, पण सावकाश. आतड्यातल्या चिवट जंतूंबद्दलच्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात महिन्याभराने साधारण तीन-चतुर्थांश रुग्ण वाहक राहतात आणि वर्षाने एक-तृतीयांशाच्या आसपास. अँटिबायोटिकचा प्रत्येक नवा कोर्स हा काळ लांबवतो, म्हणून सर्दी-खोकल्याला, जुलाबाला, ‘खबरदारी म्हणून’ एकही गोळी नको. प्रोबायोटिकच्या गोळ्यांनी ते जातात असं सिद्ध झालेलं नाही. दही रोजच्या जेवणातलं आहे, खाऊ द्या. मुद्दाम पुन्हापुन्हा स्वॅब करत बसू नका. एखादा निगेटिव्ह आला तरी जंतू गेला असं म्हणता येत नाही, संख्या कमी झाली की तो चाचणीत सापडत नाही आणि औषध पडलं की पुन्हा वर येतो. स्वॅबच्या टोकाला मळाचा रंग दिसत नसेल तर तो नमुना धरायचाच नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा: जंतूचं नाव, कुठल्या नमुन्यात, तारीख, जनुक माहीत असल्यास ते, कोणती औषधं चालतात आणि गेल्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक दिली. पुढे प्रोस्टेटची बायोप्सी, मुतखडा, ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेची तपासणी) असं काही ठरलं तर तो आधी दाखवा. शस्त्रक्रियेपूर्वीचं नेहमीचं इंजेक्शन अशा रुग्णात पुरेलच असं नाही, आणि ईआरसीपीची दुर्बीण नीट साफ झाली नाही तर तिच्यातून हे जंतू पुढच्या रुग्णाकडे गेल्याचं जगभर नोंदलं गेलंय. भरती करताना तो कागद अपघात विभागातच द्या, म्हणजे वेगळा पलंग, वेगळा स्टेथोस्कोप आणि वेगळा बीपीचा पट्टा पहिल्या तासापासून मिळेल. बाबा मुलाकडे इंग्लंडला गेले आणि तिथे भरती व्हावं लागलं, तर मागच्या वर्षभरात परदेशी रुग्णालयात राहिलेल्यांचा असा स्वॅब तिथे घेतात आणि निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथेही हाच कागद, इंग्रजीत करून घेतलेला, उपयोगी पडेल.